फाटक कुणाकडे उघडतं?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, मिडल्सबरोहून सॉल्टबर्नकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, एक अजब हॉल्ट होता. तिथे उतरता यायचं, पण बाहेर पडता यायचं नाही. दोन फलाट, त्यांना जोडणारा पादचारी पूल आणि पुलापलीकडे पोलाद कारखान्याचं आवार. कारखान्याचं ओळखपत्र असेल तर पुढे जायचं, नसेल तर मुकाट्याने फलाटावर बसून परतीच्या गाडीची वाट बघायची. शेवटच्या वर्षांत तिथे दिवसाला एका दिशेने दोनच गाड्या थांबत, म्हणजे हे वाट बघणं काही तासांचं असे.

या हॉल्टचं नाव रेडकार ब्रिटिश स्टील. १९ जून १९७८ रोजी तो सुरू झाला. कारखान्याचा विस्तार चालला होता, म्हणून जुना रेल्वेमार्ग वळवला गेला आणि वॉरनबीचा आधीचा हॉल्ट बंद करून त्याच्या जागी हा आला. पुढच्याच वर्षी रेडकारची नवी झोतभट्टी पेटली, ब्रिटनमधली सर्वांत मोठी. तीन पाळ्यांत माणसं येणार, त्यांना थेट कामाच्या दारात उतरवावं, असा सरळ हिशेब होता. सरकारी पोलाद कंपनी आणि सरकारी रेल्वे, दोघांनी मिळून कामगारांची सोय केली. यात वावगं काय, असंच तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

वावगं होतं ते पुलाच्या टोकाला. तो पूल फक्त कारखान्यात उतरत होता.

मला या हॉल्टची गोष्ट आज सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडे औद्योगिक पट्ट्यांना रेल्वेने जोडायच्या घोषणा वरचेवर होतात आणि त्यांचे नकाशे अजून कागदावर आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: कामगारांसाठी रेल्वेचा थांबा जरूर बांधावा, भरपूर बांधावेत, पण त्याचं फाटक सार्वजनिक रस्त्यावरच उघडलं पाहिजे. कंपनीने पैसे दिले असले तरी, आणि त्या जागी आज कंपनीशिवाय दुसरं काहीच नसलं तरीही.

रेडकारचं पुढे काय झालं ते बघा. फलाटावरच्या पाटीवर शेवटपर्यंत ‘ब्रिटिश स्टील’ राहिलं, मालक मात्र बदलत गेले. १९६७ साली राष्ट्रीयीकरणातून उभी राहिलेली ही कंपनी १९८८ मध्ये खाजगी झाली, १९९९ मध्ये एका डच कंपनीशी विलीन होऊन कोरस झाली आणि २००७ मध्ये कोरस टाटांनी विकत घेतली. (एका स्टेशनाच्या आयुष्यात एवढे धनी बदलले आणि पाटी तीच! आपल्याकडे पाट्या आधी बदलतात, बाकीचं मागाहून.) टाटांच्या त्या खरेदीचं आपल्याकडे केवढं कौतुक झालं होतं ते अनेकांना आठवत असेल. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचाच कारखाना आता मुंबईतून चालणार, असा तो आनंद. पण २००९ मध्ये रेडकारचं बहुतेक पोलाद घेणाऱ्या परदेशी ग्राहकांनी दहा वर्षांचा करार मध्येच मोडला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये भट्टी थंड करण्यात आली. हा निर्णय टाटांच्या मालकीत झाला. त्या गावात आपल्या या विजयाची चव कडू होती, हे आपल्या कौतुकाच्या लेखांत कुठे दिसलं नाही.

पुढे २०११ मध्ये थायलंडच्या एका कंपनीने कारखाना घेतला, २०१२ मध्ये भट्टी पुन्हा पेटली. २०१५ च्या शरद ऋतूत ती कंपनीही बुडाली आणि सुमारे २२०० माणसांचं काम गेलं. त्या दिवसापासून हॉल्टवर उतरायला कुणाकडेच कारण उरलं नाही. गाड्या मात्र थांबत राहिल्या. ब्रिटनमध्ये स्टेशन कायदेशीरपणे बंद करायचं तर नोटीस, हरकती, सुनावणी अशी लांबलचक वाट असते, त्यापेक्षा वेळापत्रकात दोन गाड्या ठेवून देणं सोपं पडतं. २०१७-१८ या वर्षभरात या हॉल्टवर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची एकूण नोंद ४० होती. देशातलं सर्वांत कमी वापराचं स्टेशन म्हणून त्याची बातमी झाली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये गाड्या थांबणं बंद झालं. भट्टीचा तो अवाढव्य सांगाडा नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडला.

कारखाना मेला म्हणून हॉल्ट मेला, त्यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही त्यासाठी ब्रिटनमधलीच आणखी दोन नावं पुरेशी आहेत.

पहिलं रेडकारचं जुळं भावंड. त्याच वर्षी, ९ मे १९७८ रोजी, स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकजवळ आयबीएम नावाचा हॉल्ट सुरू झाला. स्पॅंगो नावाच्या दरीत आयबीएमचा कारखाना होता, तिथे पुढे युरोपसाठी पीसी बनू लागले. हा हॉल्ट सुरुवातीला तर कंपनीच्या माणसांपुरताच होता. पुढे पीसीचा धंदा चिनी कंपनीकडे गेला, दरीतल्या इमारती एकेक करून रिकाम्या झाल्या, पाडल्या गेल्या. निर्जन दरीतल्या त्या फलाटावर टवाळखोरांचा वावर वाढला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तिथेही गाड्या थांबेनाशा झाल्या. पोलाद जुन्या युगाचं आणि संगणक नव्या युगाचा, असं आपण मानतो. त्या दोन हॉल्टांच्या मरणात एका वर्षाचं अंतर आहे.

दुसरं नाव आपल्या घरातलं आहे. सिंगर. आपल्याकडे कित्येक घरांत काळ्या रंगाचं, सोनेरी नक्षीचं, पायाने चालवायचं किंवा हाताने फिरवायचं ‘शिंगर’ मशीन होतं. आजीच्या पोलक्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं त्यावर शिवलं गेलं. यातली कितीतरी मशीनं ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक गावात बनली. १८८० च्या दशकात उभा राहिलेला तो कारखाना पहिल्या महायुद्धाआधी जगातला सर्वांत मोठा शिलाई मशीनचा कारखाना होता, दहा हजारांहून जास्त माणसं तिथे राबत. १९११ मध्ये पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी कामाचा बोजा वाढवल्याबद्दल हत्यार खाली ठेवलं आणि बघता बघता जवळजवळ सगळा कारखाना त्यांच्यामागे बाहेर पडला. १९०७ मध्ये कारखाना वाढवताना तिथलं स्टेशन हलवून नवं बांधलं गेलं, तेव्हा त्याला कंपनीचंच नाव मिळालं: सिंगर. कामगारांच्या खास गाड्या तिथून सुटायच्या.

कारखाना १९८० मध्ये बंद पडला. सिंगर स्टेशन आजही चालू आहे. पाटीवर आजही ‘सिंगर’ लिहिलेलं आहे आणि ग्लासगोला कामाला जाणारी माणसं तिथून रोज गाडी पकडतात. कारण त्या स्टेशनाचं दार गावाच्या रस्त्यावर उघडतं. भोवती घरं होती, दुकानं होती. कारखान्याच्या जागी दुसरे उद्योग आले तेव्हा त्यांनाही ते उपयोगी पडलं. तिन्ही कारखाने संपले. फरक दाराचा होता.

अर्थात एवढं सरळ नाही, हे मलाही कळतं. सिंगर गावात होतं आणि रेडकारचा हॉल्ट गावापासून दूर, खाजण आणि स्लॅगच्या, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीच्या, ढिगांमध्ये. तिथे फाटक सार्वजनिक रस्त्यावर उघडलं असतं तरी लगेच कोण येणार होतं? पण तिथे जायला रस्ताच नव्हता, म्हणून भोवती दुसरं काही उगवण्याची शक्यताही नव्हती. चाळीस वर्षांत एखादं गोदाम, एखादी वसाहत, निदान समुद्रावर जाणाऱ्यांची पायवाट तयार झाली असती. आता त्या जमिनीवर नवे उद्योग आणायचं चाललं आहे. रूळ तिथेच आहेत, गाड्या शेजारून धावतात, आणि नवी माणसं कामावर मोटारीने येतात.

जपानमध्ये योकोहामा शहरात उमी-शिबाउरा नावाचं स्टेशन आहे, तेही असंच. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला तोशिबाच्या कारखान्याचं दार. परक्याला बाहेर पडता येत नाही. पण लोक पाणी बघायला येतातच, हे लक्षात आल्यावर कंपनीने १९९५ मध्ये फलाटाला लागून आपल्याच जागेत एक चिमुकली बाग करून दिली. फाटक उघडलं नाही, पण बसायला बाक दिला! एवढ्यावरही ते स्टेशन आता लोकांच्या आवडीचं ठिकाण झालं आहे.

आता घरी येऊ.

कारखाना आणि स्टेशन म्हटलं की मराठी माणसाला किर्लोस्करवाडी आठवते. तिची गोष्ट रेडकारच्या नेमकी उलट्या क्रमाने घडली. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता ती जागा शहराच्या विस्तारासाठी सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातली जागा देऊ केली, कुंडल रोड स्टेशनाजवळचं ३२ एकर माळरान. निवडुंग आणि साप याखेरीज तिथे काही नव्हतं, असं सांगतात. १९१० मध्ये तिथे वसाहत सुरू झाली. लोखंडी नांगर बनू लागले, ते रेल्वेच्या वाघिणींतून देशभर जाऊ लागले, पुढे पंप आले, मासिकं निघाली, आणि कुंडल रोडचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.

‘रोड’ हा शब्दही मजेशीर. रेल्वेच्या भाषेत स्टेशनाच्या नावापुढे रोड लागला की समजावं, गाव इथे नाही, इथून रस्ता धरून जायचंय. म्हणजे ते स्टेशन मुळातच रस्त्यासाठी होतं, कुंडलच्या माणसांसाठी होतं. कारखाना नंतर आला, स्टेशनाच्या आश्रयाला आला. नाव कंपनीचं लागलं, पण फाटक तिच्याकडे गेलं नाही. आजही तिथून पलूस-कुंडलकडचे विद्यार्थी, बागायतदार, सांगली-मिरजेच्या दवाखान्यात निघालेले म्हातारे गाडीत चढतात, आणि कारखान्यातली माणसंही चढतात. याच मार्गावर उत्तरेला कऱ्हाडचं स्टेशन आहे, ते खरं म्हणजे ओगलेवाडीत. ज्या ओगल्यांच्या काचकारखान्यामुळे त्या वाडीला नाव मिळालं, ज्यांचा प्रभाकर कंदील घरोघर लोंबत होता, तो कारखाना इतिहासजमा झाला. स्टेशन कऱ्हाडकरांना लागतंच आहे.

मुंबईच्या गिरणगावात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं, आणि तिथे एक इशाराही आहे. लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी, परळ, एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं गिरण्यांच्या भोंग्यावर भरायची आणि रिकामी व्हायची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या हळूहळू संपल्या. फलाट रिकामे पडले का? उलट. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले, कचेऱ्या आल्या आणि त्याच फलाटांवर पूर्वीपेक्षा जास्त गर्दी उसळली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक वापरासाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते मान्य केलं, आणि वाट्याला येणारी सार्वजनिक जमीन पार आक्रसली. जमिनी कुणाला किती, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. स्टेशनाच्या जिन्याला किती, हा प्रश्न त्यात कुठे आला? २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या त्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं.

तेव्हा फाटक रस्त्यावर उघडलं म्हणजे काम संपलं असं मी म्हणत नाही. दारापुढचा रस्ता आणि जिना माणसांबरोबर वाढायला हवा. पण गर्दी होणाऱ्या स्टेशनाचा प्रश्न जिवंत शहराचा आहे आणि तो सोडवता येतो. वर्षाला ४० उतारूंच्या हॉल्टवर सोडवण्यासारखं काही उरत नाही.

आता चाकण बघा. पुण्याच्या उत्तरेला मोटार उद्योगाचा एवढा मोठा पट्टा, आणि तिथे रेल्वे नाही. पिंपरी-चिंचवडचं नशीब बरं, कारण दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशनं मुंबई-पुणे मार्गावर होती आणि १९७८ पासून (पुन्हा तेच साल!) पुणे-लोणावळा लोकल धावू लागली. मावळातला माणूस शेत सांभाळून कंपनीत जाऊ शकला तो या लोकलच्या पासावर. चाकणला, रांजणगावला हे सुख नाही. तिथे कंपनीची किंवा कंत्राटदाराची बस.

आमच्या नात्यातला एक मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी आहे. त्याच्या बसची कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. पहिल्या शिफ्टला पहाटे पिकअप पॉइंटवर उभं राहायचं. बस चुकली की शेअर रिक्षा, ट्रक, मिळेल त्याने जायचं आणि उशीर झाला तर अर्धा दिवस बुडाला. चांगल्या बसमध्ये आधी पर्मनंटवाले, मग जागा असली तर बाकीचे. शिफ्ट संपल्यावर वीस मिनिटांत बस सुटते, त्यामुळे कुणाशी चार शब्द बोलायलाही थांबता येत नाही, युनियनच्या मीटिंगची तर बातच सोडा. शेजारच्या कंपनीत दोन हजार जास्त मिळत होते, पण तिची बस त्याच्या बाजूला येत नव्हती, म्हणून तो गेला नाही. मला हे ऐकून रेडकारचा पूल आठवतो. बस म्हणजे चाकं लावलेलं तेच फाटक. नोकरी आहे तोवर आत यायचं.

बसच्या बाजूने बोलणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. बस दारापर्यंत येते, शिफ्ट बदलली तर वेळ बदलते, रूळ टाकावे लागत नाहीत. रेल्वेवाले म्हणतात, हॉल्ट वाढवले की लांबच्या गाड्यांचा खोळंबा होतो आणि तिकिटातून खर्चही निघत नाही. दोन्ही खरं आहे. पण हॉल्ट हा रेल्वेचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. सिग्नल नाही, जादा रूळ नाही, स्टेशन मास्तर नाही. कितीतरी हॉल्टांवर कमिशनवर तिकीट विकणारा एजंट एवढाच काय तो कारभार. आणि बसचा खर्च निघतो असं जे वाटतं, ते नाशिक महामार्गावर शिफ्टच्या वेळी शेकडो बसगाड्या एकाच वेळी उतरतात तेव्हा जो चक्का जाम होतो, त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो म्हणून.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला जास्त विचारात टाकतो. कंपनी म्हणेल, थांब्याचे पैसे मी देते, जमीन मी देते, मग फाटक सगळ्यांना का उघडू? सुरक्षेची जबाबदारी कुणाची? तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. यावर माझं उत्तर असं की गाडी जिथे थांबते तो थांबा कंपनीचा नसतोच. तिथे गाडी थांबावी म्हणून मागच्या डब्यांतली हजार माणसं दोन मिनिटं खर्च करत असतात, रोज, वर्षानुवर्षं. त्या मार्गाला, त्या इंजिनाला, त्या मोटरमनला सगळ्यांनी पोसलं आहे. कंपनीने दिलेला पैसा फलाटाच्या फरशीपुरता. तिला तिच्या आवाराला फाटक हवंच असेल तर ते रस्त्याच्या पलीकडे लावावं. मधला रस्ता मात्र सर्वांचा राहू द्यावा. थांब्याला कंपनीचं नाव हवं असेल तर खुशाल द्यावं, सिंगरचं काही बिघडलं नाही, किर्लोस्करवाडीचंही नाही.

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीच्या अडचणीमुळे लटकली आहे. नव्या आखणीत तो कुठून जायचा त्यावर आमदार-खासदार, संगमनेरकर, नगरकर, सगळे तावातावाने बोलताहेत. बोलावंच. पण मार्ग कुठूनही गेला तरी चाकण पट्ट्यातल्या थांब्याचा नकाशा कुणीतरी टेबलावर पसरणारच आहे, आणि त्यात जिना कुठे उतरतो ते एका पेन्सिलीच्या रेघेत ठरणार आहे. एमआयडीसीच्या बाजूला एक जिना निघेलच, त्यासाठी भांडायची गरज पडणार नाही. दुसरा निघाला पाहिजे गावाच्या बाजूला, जिथे आज बहुधा कांद्याचं शेत असेल, एखादी मेदनकरवाडीकडे जाणारी पाणंद असेल. हरकती-सूचनांची नोटीस निघेल तेव्हा माझी एका ओळीची हरकत तयार आहे, दुसरा जिना दाखवा.